उलट्या रांगेचा गणपती

मध्यंतरी दादरला एका कार्यशाळेत चित्रकथेबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर समोर बसलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅम, या फील्डमध्ये सस्टेनेबल करिअर कसं बिल्ड करायचं?" मी म्हटलं, "आधी नीट रागवायला शिक." सगळे हसले. बाई गमतीदार आहेत असं वाटलं असणार त्यांना. पोर्टफोलिओ कसा करायचा, फॉलोअर कसे जमवायचे, आता यंत्रं चित्रं काढायला लागल्यावर आपण काय करायचं, असं काहीतरी तिला हवं होतं आणि तेही मी पुढे सांगितलं, कारण त्यासाठीच मला बोलावलं होतं. पण घरी येताना मला तिचा नाही, माझाच राग आला. इतकी वर्षं मी चित्रांतून गोष्टी सांगून पोट भरते आहे. जाहिरातवाल्यांसाठी काढते, मुलांच्या पुस्तकांसाठी काढते, आणि मी या धंद्यात टिकले ती रागावर टिकले. हे खरं उत्तर होतं आणि ते मी हशात जाऊ दिलं. म्हणून तो राग कुठून आला ते इथे लिहून टाकते. आमच्या नातेवाइकांपैकी ज्यांना वाईट वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

आम्ही परळला राहायचो, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत आई, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गिरणीत साचे खात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. माझ्या शाळेच्या दिवसांत गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि अण्णा हिंदमाताला एका साडीच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचे. ज्याने निम्मं आयुष्य कापड विणलं तो माणूस आता दिवसभर दुसऱ्यांनी विणलेलं कापड उलगडायचा आणि पुन्हा घडी घालायचा. साच्यांच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे आमच्या घरात सगळं ओरडून चालायचं. आईने "मीठ कमी झालां काय?" असं विचारलं तरी खालच्या मजल्यावर कळायचं की आज आमच्याकडे मीठ कमी पडलंय. गुपित म्हणून आमच्या घरात काही नव्हतंच, आणि असलं असतं तर ते चाळीला आमच्याआधी कळलं असतं.

जेवायचं सगळं आईच्या माहेरचं, मालवणकडचं. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कढईत परतलेला सुका जवळा. सुकी मासळी वरळी कोळीवाड्यातल्या एका ठरलेल्या बाईकडूनच यायची आणि ती आली की चार दिवस आमच्या खोलीचा वास शाळेच्या दप्तरातून माझ्याबरोबर वर्गात यायचा. जेवताना अण्णा गोष्टी सांगायचे. साचे खात्यात आवाज एवढा की शेजारच्या साच्यावरच्या माणसाशीही तोंडाने बोलून उपयोग नसे, ओठ हलवायचे आणि हात हलवायचे, त्यामुळे अण्णांची गोष्ट निम्मी हातांतच असायची. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, तोऱ्यात कसा यायचा, कोण कुठे डुलकी काढायचा, नवीन आलेल्या पोराची जुने लोक कशी फिरकी घ्यायचे, हे सगळं भाकरीचा तुकडा हातात धरून ते करून दाखवायचे. आई म्हणायची, "आधी गिळा, मग नाटक करा." मी मात्र जेवण अर्धं टाकून चित्रं काढायची. कागद विकत आणायची पद्धत आमच्यात नव्हती. दुकानातून अण्णा साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणायचे, एका बाजूला चकचकीत, दुसऱ्या बाजूला कोरे. त्या कोऱ्या बाजूवर मी अख्खी गिरणी काढली. चित्रकला मी पुढे कॉलेजात शिकले हे खरं, पण एका चित्रानंतर दुसरं चित्र का येतं हे मला त्या पाटावर कळलं, आणि हे मी कुठल्याही मुलाखतीत मोकळेपणाने सांगते.

आता रागाचं. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता, हौस. "पोरीक चित्रांची हौस आसा," असं आई आलेल्या-गेलेल्याला सांगायची, त्यात कौतुक होतं आणि "लग्न झाला की जाता" हेही होतं. मुरुमं जावीत तसं. आणि हौस म्हटलं की ती फुकट. चाळीत कुणाचं लग्न निघालं की रुखवतावरचे फलक माझ्याकडे. कुणाच्या मुलाला शाळेत पचनसंस्थेचा तक्ता करायला सांगितला की तो माझ्याकडे. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे गेले तेव्हा त्यांच्या रेशनकार्डावरच्या फोटोवरून मोठं चित्र काढून द्यायला मला सांगितलं आणि ते नेताना सुनेने म्हटलं, नाक थोडं बरं करून दिलं असतं तर. मी एकदा "आत्ता वेळ नाही" म्हटलं तेव्हा शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "वेळ कसला लागतो गं, दोन रेघा तर मारायच्या." दोन रेघा. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती अजून पुरती खाली आलेली नाही. सावंतकाकूंचे यजमान बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. त्यांना कुणी कधी म्हटलं नाही की दोन गिअर तर टाकायचे.

कॉलेज संपल्यावर मी चित्रांची फाईल काखोटीला मारून वर्षभर हिंडले. शेवटी गिरगावात पैबाईंकडे पोचले. जाहिरातीची फिल्म काढण्याआधी ती कशी दिसेल हे चौकटी-चौकटीने काढून दाखवावं लागतं, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात, आणि पैबाईंचा स्टुडिओ तेच काम करायचा. बाई साठीच्या, चष्मा केसांत खोवलेला, बोलणं एकदम स्वच्छ. त्यांनी फाईल भराभर उलटली आणि म्हणाल्या, "सुटी चित्रं बरी आहेत. सुटी चित्रं सगळ्यांचीच बरी असतात. एकापुढे एक लावलीस की त्यांचं काय होतं ते मला बघायचंय. तसं काही केलंस तर सांग, मी येईन." माझ्यासाठी तो अखेरचाच रस्ता होता. कारण अण्णांच्या शेठनी बिलाच्या काउंटरवर माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. कायमची नोकरी, दिवाळीला साडी, घरापासून चालत. गणपती झाले की मी तिथे बसायचं असं घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आई आणि अण्णांनी ओरडून ठरवलं होतं आणि मी ते चाळीबरोबरच ऐकलं होतं. ते वाईट वागत होते असं नाही. एका बंद गिरणीने त्यांना जे शिकवलं त्यानुसार ते मला वाचवत होते. पण कुणी आपल्याला नको तिथे वाचवायला लागलं की फार राग येतो.

त्याच पावसाळ्यात चाळीच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी नाना परब वर आले. "शुभा, यंदा देव-दैत्य नको. दरवर्षी तेच. यंदा आपलीच गोष्ट दाखवू. गिरणगावची. चित्रांत. तू काढ." नानांची आणि अण्णांची मैत्री गिरणीतली. पैशाचा विषय निघणार नव्हता, देवाचं काम होतं ते, आणि आईने लगेच ऐकवलं, "घरचां खावन लष्कराच्यो भाकऱ्यो भाजा." पण मला पैबाईंना दाखवायला गोष्ट हवी होती. मी नानांना एवढंच म्हटलं, "काय काढायचं आणि कुठे लावायचं ते मी ठरवणार. कुणी मध्ये बोलायचं नाही." नाना म्हणाले, "तुझ्याच हातात आहे सगळं." मी त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, आणि अण्णा तिथेच बसले होते.

आमच्या गणपतीची रांग मोठ्या रस्त्यावरून चाळीच्या पुढच्या दरवाजाने आत यायची, पटांगणाच्या मधोमध देवासमोरून जायची आणि मागच्या गल्लीने बाहेर पडायची. दोन्ही बाजूंना बांबू आणि कापड लावून बोळ केलेला. मी गोष्ट त्या बोळाच्या मापाने रचली. रांगेतला माणूस थांबत नाही. त्याच्या पाठीत मागच्याची कोपरं असतात, कडेवर पोर असतं, पुढे कार्यकर्ता शिट्टी फुंकत असतो. तेव्हा एका चित्रात एकच गोष्ट, मोठी, डोळ्यांच्या उंचीवर. कोकणातून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेला एक तरुण. मग गिरणीचा दरवाजा. मग साचा, तो आणि साचा, बाकी काही नाही. मग खानावळीतली पंगत, मग लग्न, मग पाळणा. मग देव. देवाला नमस्कार करून माणूस पुढे सरकला की संप. बंद दरवाजा. भांडी विकायला निघालेली बायको. रिकामी चूल. साडीचं दुकान. आणि अगदी शेवटी, मागच्या गल्लीत पाय टाकायच्या आधी, एक शांत चित्र: पहाट आहे, घरातले सगळे झोपलेत, आणि हा माणूस अंथरुणात उठून बसलाय. गिरणीचा भोंगा कधीच बंद झालाय पण त्याच्या अंगातला झालेला नाही. ते चित्र मला सगळ्यात शेवटी हवं होतं, कारण त्याच्यापुढे काही नव्हतं. त्या माणसाच्या पुढे तेव्हा काही नव्हतंच. लोकांनी देव बघून, प्रसाद खाऊन, ते बरोबर घेऊन घरी जावं असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

तो माणूस अण्णा होते हे उघड होतं. रविवारी ते माझ्यासमोर स्टुलावर बसायचे, मी सांगेन तसा हात धरायचे, साच्यासमोर माणूस कसा वाकतो ते करून दाखवायचे. "थय नाय गो बाय, हात हय. नायतर बोट जातला." तरुणपणीचा चेहरा मी त्यांच्या लग्नाच्या फोटोवरून घेतला. त्या दिवसांत ते खूष असायचे. दुकानातून येताना माझ्यासाठी बटाटेवडा आणायचे, वर्तमानपत्राच्या कागदातून तेल गळत असायचं आणि त्यावरून आई दोघांनाही बोलायची. शेवटचं चित्र त्यांनी प्लायवूडवर रंग ओला असताना बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "माझो पाय इतको बारीक नाय." मी पाय जाड केला.

पहिल्या दिवशी सगळं मी मांडलं तसं चाललं. मी मागच्या गल्लीत उभी राहून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघत होते. बरेच जण नुसतेच घामाघूम होऊन बाहेर पडत होते, ते सोडा. पण गिरणीतली जुनी माणसं त्या शेवटच्या चित्रापाशी हटकून रेंगाळत होती, मागून शिव्या बसेपर्यंत. एक बाई बाहेर येऊन कट्ट्यावर बसली आणि तिने पदराने डोळे पुसले. मला फार आनंद झाला. दुसऱ्याला रडवून आनंद होतो असा हा धंदा आहे, त्याला माझा इलाज नाही. मी पैबाईंना निरोप दिला, कधीही या.

दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमीची भाजी होती. सकाळभर मी आईला अळू, भेंडी, लाल माठ, मक्याची कणसं चिरून देत होते. जेवून खाली उतरले तर पुढच्या दरवाजातून लोक बाहेर पडत होते. मला आधी कळेचना. एक कुटुंब माझ्या अंगावरून गेलं आणि त्यातली आजी सुनेला म्हणत होती, "बरं झालं बाई, बिचाऱ्याला शेवटी गिरणीत काम लागलं."  मग धावत मागच्या गल्लीत गेले. रांग तिकडून आत शिरत होती. सुरुवातीलाच अंथरुणात बसलेला माणूस, मग दुकान, मग रिकामी चूल, मग विकलेली भांडी परत येत होती, दरवाजा उघडत होता, देव, पाळणा, लग्न, साचा, आणि शेवटी नवा शर्ट घातलेला तरुण, ट्रंक घेऊन, हसत. एकही चित्र कुणी हलवलं नव्हतं. नुसती रांग फिरवली होती. माझ्या इतक्या आठवड्यांच्या कामाचं वाटोळं करायला कुणाला हातसुद्धा लावावा लागला नव्हता.

मी नानांना गाठलं. ते खुर्चीत बसून सरबत पीत होते. "नाना, रांग कुणी फिरवली?"

"अगं, रस्त्यावर गर्दी होते. मागून घेतलं की बरं पडतं."

"गेल्या वर्षी गर्दी नव्हती?"

"आणि लोक बघ की कसे हसत बाहेर पडतायत. देवाच्या दारातून हसत जावं माणसाने."

"नाना, तुम्ही मला शब्द दिला होता."

नाना ग्लास खाली ठेवून म्हणाले, "माझ्यावर कशाला डाफरतेस? तुझ्या अण्णांनी सांगितलं. सकाळी स्वतः रांगेची दोरी सोडून मागच्या गल्लीत बांधली त्यांनी. बापानेच सांगितल्यावर मी काय म्हणणार?"

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती; अण्णा मागच्या गल्लीच्या तोंडाशी दोरी धरून उभे होते, छातीवर मंडळाचा बिल्ला. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि मी ओरडले. अख्ख्या रांगेने ऐकलं. "अण्णा, हे कुणाला विचारून केलंत?" ते म्हणाले, "गर्दी होता गो." मी म्हटलं, "गर्दीचं मला सांगू नका. माझी गोष्ट उलटी केलीत तुम्ही." त्यांनी दोरी दुसऱ्या हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या आवाजाच्या मानाने फारच हळू म्हणाले, "गोष्ट माझी. चित्रां तुझी."

त्यावर मी आणखी चिडले. पाय आपटत पुढच्या बाजूला आले तर दरवाजातून पैबाई बाहेर पडत होत्या. चारचौघांसारख्या रांगेत उभ्या राहून आल्या होत्या, कपाळाला घाम, हातात प्रसादाचा पुडा. मला बघितल्यावर त्यांनी चष्मा केसांतून काढून नाकावर ठेवला. "शेवटापासून सुरुवात केलीस. विकलेली भांडी घरात परत येतात. तो शेवटचा हसरा मुलगा, आणि आपल्याला माहीत असतं की पुढे याचं काय होणार आहे. बघवत नाही त्याच्याकडे. हे कुणी सुचवलं तुला?"

आता कुठलीही शहाणी मुलगी काय म्हणाली असती? मलाच सुचलं, म्हणाली असती. तिकडे काउंटरवर जागा धरून ठेवलेली, इकडे ही बाई स्वतः चालून आलेली. प्रामाणिकपणा वगैरे माझ्या मनात आला नाही. माझं डोकं फिरलेलं होतं, एवढंच. मी म्हटलं, "तो क्रम माझा नाही. माझ्या वडिलांनी माझं काम बिघडवलंय. माझी गोष्ट तुम्ही बघितलेलीच नाही." आणि मी त्यांचा दंड धरून त्यांना परत आत नेलं, पुढच्या दरवाजाने, रांगेच्या विरुद्ध. लोक ओरडायला लागले. "ओ ताई, उलट्या कुठे चाललात?" "अरे एन्ट्री मागून आहे, दिखता नहीं क्या?" कार्यकर्ते शिट्ट्या फुंकत होते. मी कोपराने वाट काढत एकेक चित्र दाखवत होते आणि बाई माझ्यामागून मुकाट्याने येत होत्या. देवासमोर थांबायलाही मी त्यांना दिलं नाही. शेवटच्या चित्रापाशी त्या उभ्या राहिल्या. रांग आमच्या अंगावर येत होती, दोन बायका आमच्या मधून घुसून गेल्या. बाईंनी त्या अंथरुणातल्या माणसाकडे बघितलं, मग चार पावलांवर दोरी धरून उभ्या असलेल्या अण्णांकडे बघितलं.

गल्लीत आल्यावर त्या म्हणाल्या, "सोमवारी ये. पण एक ऐकून ठेव. माझ्याकडे रोज कुणीतरी तुझा क्रम बदलणार. क्लायंट बदलेल, डायरेक्टर बदलेल, मीसुद्धा बदलेन. दरवेळी अशी हात धरून ओढायला लागलीस तर महिनाभर टिकायची नाहीस. आणि कधीच नाही ओढलंस तर मला तुझा उपयोग नाही. कधी ओढायचं ते ठरवायला शिक." पैबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. कार्यशाळेतल्या त्या मुलीला मी खरं तर हे सांगायला हवं होतं. बाईंच्या स्टुडिओत आणि नंतर माझ्या स्वतःच्या टेबलावर साबणाच्या, बिस्किटांच्या, इन्शुरन्सच्या हजार गोष्टी मी लोकांना उलट्यासुलट्या करू दिल्या, पोटासाठी, शांतपणे. आणि मोजक्या वेळा दंड धरून ओढलं. त्यातली कामं काही गेली. जी राहिली ती माझी आहेत.

संध्याकाळी अण्णा वर जेवायला आले. त्या दिवशी आमच्या खोलीत कुणी ओरडलं नाही. आईने ताटं वाढली, माझ्या नोकरीचं मी सांगितलं, आई "गिरगावात? इतक्या लांब?" एवढंच म्हणाली आणि भाजी वाढत राहिली. अण्णा जेवत होते. मी त्यांना विचारलं, "का केलंत?" त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा विचारणार होते, पण गेलं होतं.

"तुझा शेवटचा चित्र," ते म्हणाले, "माका रोज सकाळी दिसता. तुम्ही दोघी निजलेली असतास. त्यासाठी परत रांगेत कित्याक उभा रवाचा?"

आई वाढता वाढता थांबली.

"माका तो साचो बघूचो होतो शेवटाक," ते म्हणाले. "आणि तो ट्रंकवालो. तेका बघून भायर पडाचा. मगे बरा वाटता दिसभर."

मी म्हटलं, "मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलंय असतंय तर तू ऐकलं असतंस?"

"नाही," मी म्हटलं.

नसतंच ऐकलं. इथवर वाचून तुम्हाला वाटत असेल की आता ही म्हातारी सांगेल, माझं चुकलं, मी त्यांची रांग तशीच राहू दिली. माझी भाची हे वाचून तसंच म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरले, मागच्या गल्लीतली दोरी सोडली आणि पुढच्या दरवाजाला बांधली. नाना आडवे आले तेव्हा म्हटलं, चित्रं तरी उतरवा नाहीतर रांग तरी फिरवा, आणि ते मला ओळखून होते. शेवटी देवाच्या दारातून लोक माझ्या क्रमाने बाहेर पडायला लागले. तो अंथरुणात उठून बसलेला माणूस त्या गिरणीमालकांना, त्या पुढाऱ्यांना, आमच्या उरावर उंच इमारती बांधायला निघालेल्या प्रत्येकाला दिसायला हवा होता, आणि तो आधी दाखवून मग नव्या शर्टातल्या हसऱ्या पोराने पुसून टाकू द्यायला मी तयार नव्हते. आजही तयार नाही. त्या चाळीच्या जागी आता जे काही उभं आहे त्याच्या खालून जाताना मला अजूनही राग येतो. अण्णांचं दुःख खरं होतं. माझी गोष्टही खरी होती. दोन्ही खरं असलं म्हणून राग कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी काही घडवलेलं नसतं.

अण्णा त्या सकाळी खाली आले, दोरी फिरलेली बघितली, आणि पुढच्या दरवाजापाशी जाऊन ती हातात धरून उभे राहिले. विसर्जनापर्यंत रोज दुकानाआधी आणि दुकानानंतर ते तिथेच उभे असायचे. माझ्या क्रमाने त्यांनी हजारो माणसं आत सोडली, पोरांना उचलून पुढे दिलं, म्हाताऱ्यांना बाजूने वाट करून दिली. स्वतः मात्र एकदाही आत गेले नाहीत, देवाला हातसुद्धा बाहेरूनच जोडायचे. आई रोज त्यांना विचारायची, "जरा बघून येतास काय, शुभान इतक्या केल्यान हा?" आणि ते दोरी न सोडता म्हणायचे, "बघलंय."